भिंतीवरचा की सोबतचा

स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक पांढरी वायर बाहेर आली होती. कुंड्यांना वळसा घालून, पायऱ्या उतरून ती अंगणातल्या निळ्या गाडीच्या पोटात शिरली होती. शेजारच्या घरातलं काम आटपून, खांद्यावर ड्रिल मशीनची पिशवी टाकून एक मुलगी बाहेर पडली आणि त्या वायरीपाशी थबकली. वास येत होता. तापलेल्या प्लास्टिकचा, जरासा गोडसर, अगदी हलका... दुसऱ्या कोणाच्या नाकाला तो जाणवलाही नसता. पण तिचं नाक याच वासावर पोसलेलं होतं.

लोकांच्या घरी इलेक्ट्रिक गाड्यांचे चार्जर बसवून द्यायचे, हे तिचं काम. तिच्याबरोबर इंजिनिअर झालेल्या मुली थंडगार ऑफिसांत बसत होत्या आणि ही मैत्रिणीबरोबर एक छोटं दुकान चालवून गावभर भिंतींना भोकं पाडत हिंडत होती. आई कपाळाला हात लावायची. ही मात्र खूश होती.

तिने मागचापुढचा विचार केला नाही. फाटक उघडलं, खिडकीपाशी गेली, कठड्यावरच्या बोर्डाला हात लावला आणि चटका बसला तसा मागे घेतला. एकाच बोर्डावर मिक्सर, पाणी तापवायची किटली आणि एक आख्खी मोटारगाडी! तिने बटण बंद केलं आणि वायर उपसून काढली.

"माझी गाडी तुम्ही बंद केलीत?" दारातून आवाज आला.

"गाडी नाही, आग बंद केली," ती वळून म्हणाली. "लागायची तेवढी राहिली होती."

दारात एक उंच, सडपातळ माणूस उभा होता. आता हा भांडणार, असं तिला वाटलं, कारण अशा वेळी बहुतेक माणसं भांडतात. तो पायऱ्या उतरून आला, तिच्या हातातला प्लग त्याने हलकेच घेतला, तपकिरी पडलेल्या पिनेकडे पाहिलं आणि मान हलवली.

"परवापासून आवाज येत होता यातून. बारीक... डास गुणगुणतो तसा. मला वाटलं, गाडी जेवतेय."

तिला हसू आलं. रागावायचं ठरवून आलेल्या माणसाला हसू यावं, हे तिला मुळीच आवडलं नाही.

"तो आवाज तुम्हाला ऐकू आला? तो सहसा कोणाला येत नाही."

"ऐकण्याचंच काम आहे माझं. लोकांचे कान तपासतो, त्यांना ऐकायचं मशीन बसवून देतो. आजूबाजूच्या शाळांमध्ये फिरावं लागतं, म्हणून ही गाडी." मग तिच्या पिशवीकडे बघून तो म्हणाला, "आणि तुम्ही न विचारता लोकांच्या गाड्या बंद करत फिरता?"

"वेळ पडली तर. एरवी चार्जर बसवते."

"मग देवच पावला म्हणायचं," तो म्हणाला. "या, आत या. घर बघून सांगा, कुठला घेऊ."

आत खिडकीजवळ आरामखुर्चीत त्याचे वडील बसले होते. आयुष्यभर आगगाडीच्या शेवटच्या डब्यात उभं राहून शिट्टी वाजवलेले गार्डसाहेब. घरी बसल्यावर त्यांचे कान गेले, आणि मग बायको गेली. मुलाने आणलेलं उत्तमातलं उत्तम मशीन टेबलाच्या खणात पडून होतं. का लावत नाही विचारलं, की त्यांचं एकच उत्तर असायचं, "ऐकण्यासारखं आता राहिलंय काय?" समोरच्याच्या ओठांकडे बघून ते सगळं बरोबर ओळखायचे, समोरचा तोंड वळवत नाही तोवर.

"गावाला ऐकायला लावतो आणि घरात मी ओरडतो," तो तिच्याकडे वळून म्हणाला. गार्डसाहेबांना अर्थातच ते दिसलं नाही.

ती कामाला लागली. मीटर पाहिला, मुख्य पेटी उघडली, एकेका खोलीतल्या प्लगला आपलं यंत्र लावून पाहिलं. तो दाराच्या चौकटीला टेकून तिच्याकडे बघत होता. प्रश्न विचारत नव्हता, घाई करत नव्हता, सल्ले देत नव्हता. असं मुकाट बघणारं गिऱ्हाईक तिला पहिल्यांदाच भेटत होतं, त्यामुळे ती उगाचच जास्त नीटनेटकेपणाने काम करत होती.

शेवटी ती मधल्या खोलीत उभी राहिली, यंत्र खिशात घातलं आणि नेहमीच्या सवयीने बोलून गेली, "या घराला अर्थच नाही."

ती गार्डसाहेबांसमोर उभी होती. त्यांना शब्द न् शब्द कळला.

"ही गेली तेव्हापासून नाही," ते म्हणाले.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ना, तसं तिला झालं. "नाही काका, तसं नाही... अर्थ म्हणजे अर्थिंग. वायर असते एक. प्लगची तिसरी पिन असते ना, ती." तिने घाईघाईने, पण ओठ नीट हलवत सांगितलं. "कुठे काही बिघडलं तर विजेने माणसाच्या अंगातून जाऊ नये, गुपचूप जमिनीत उतरावं, म्हणून तिला एक वाट करून ठेवतात. ती वाट या घरात केलेलीच नाही. गाडीच्या चार्जरला ती लागतेच. नसली तर तो लाल दिवा दाखवून रुसून बसतो."

"दाखवत होता," तो म्हणाला. "मग एकाने मध्ये एक तुकडा बसवून दिला. म्हणाला, आता नाही रुसणार."

"तो एक मला भेटायला हवा."

गार्डसाहेब अजून तिच्या ओठांकडेच बघत होते. "ही वाट नंतर करता येते?" त्यांनी विचारलं.

"येते काका. अंगणात खड्डा खणावा लागतो."

"मग खण, पोरी," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

अंगणात आल्यावर तिने आधी माफी मागितली. तो म्हणाला, "बाबा आज कितीतरी दिवसांनी आईबद्दल बोलले. तुम्ही माफी कसली मागता?" हे त्याने अगदी साधेपणाने सांगितलं. मग ती कामाचं बोलू लागली.

"चार्जर दोन जातींचे. एक भिंतीवरचा. त्याला स्वतःची वेगळी वायर मीटरपासून आणायची, वेगळं बटण द्यायचं, भिंतीत पक्का करायचा. गाडी लवकर भरते. आल्यावर वायरीच्या टोकाची बंदूक काढा, गाडीला लावा, विसरून जा. दुसरा सोबतचा. पिशवीत मावतो. तो जोडायला एक दणकट प्लग मी बसवून देते. गाडी भरायला रात्र जाते, पण कुठेही नेता येतो."

"सोबतचा," तो लगेच म्हणाला.

"एवढ्यात ठरलं? माणसं इथे आठवडा घालवतात."

"थंडी सुरू झाली की मी जाणार आहे. मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलने बोलावलंय. बाबा ताईकडे राहतील. हे घर... बघू."

आता खरं सांगायचं तर तिला वाईट वाटलं. तासाभराची ओळख, तीही जळक्या प्लगवरून झालेली, तरीही वाटलं. भिंतीवरचा घ्या, असं पटवून द्यायला तिच्याकडे भक्कम कारणं होती आणि सगळी खरी होती. पण आता त्यांत आणखी एका कारणाची भर पडली होती. ते कारण ती स्वतः होती आणि ते तिला गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायचं नव्हतं.

"मग सोबतचाच घ्या," ती म्हणाली. "जाणाऱ्या माणसाने भिंतीला भोकं पाडू नयेत. ती नीट बुजत नाहीत."

त्याने तिच्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ.

"प्लग कुठे बसवू?" तिने खिशातली पेन्सिल काढली. "गाडीपाशी उभे राहा. डोळे मिटा. आता घरी आलात, दमलात, किल्ली खुंटीला अडकवायचीय. हात पुढे करा."

"डोळे मिटून?"

"उघडे ठेवलेत की माणूस शोभेच्या उंचीवर हात धरतो. उंची भिंतीने ठरवायची नाही. रोज लावणार कोण, त्याच्या हाताने ठरवायची. नाहीतर आयुष्यभर वाकत राहावं लागतं."

त्याने डोळे मिटले आणि हात पुढे केला. लांब, निमुळती बोटं, नखांच्या कडेला कसल्यातरी गुलाबी लगद्याचा अंश. तळवा भिंतीला टेकला, तिथे तिने पेन्सिलने फुली मारली. मारताना तिची करंगळी त्याच्या मनगटाला लागली. डोळे मिटलेले असूनही तो हसला.

"मीही असंच करतो," तो म्हणाला. "प्रत्येक कानाचा साचा घेतो. जगात दोन कान सारखे नसतात. एकाच माणसाचेसुद्धा नाहीत. दुकानातलं तयार मशीन कोणाच्याही कानात सुखाने बसत नाही." मग डोळे उघडून म्हणाला, "हे समजणारं माणूस मला कानांच्या धंद्याबाहेर पहिल्यांदाच भेटतंय."

तिने पेन्सिल कानावर खोचली आणि उगाचच वायरीचं भेंडोळं मोजू लागली.

खड्डा खणायला ती आली तो सुट्टीचा दिवस होता. त्याने बाह्या वर करून कुदळ हातात घेतली तेव्हा तिला वाटलं, हा चार घाव घालून बसेल. पण तो शेवटपर्यंत खणत राहिला. मध्येच फाटकापाशी एक आई मुलीला घेऊन आली, तिच्या कानातलं मशीन कुरकुरत होतं म्हणून. तो मातीच्या हातांनीच मुलीसमोर उकिडवा बसला, चेहरा तिच्या चेहऱ्यासमोर आणला आणि हळू, स्पष्ट शब्दांत तिच्याशी गप्पा मारू लागला. मुलीशीच, आईशी नाही. ही मुलगी शाळेत शेवटच्या बाकावर ढ म्हणून बसवलेली होती आणि आता पहिल्या बाकावर बसते, हे त्याने सांगितलं नाही. आईने सांगितलं. तो तोवर पुन्हा खड्ड्यात उतरला होता. ती त्याच्या मातीने भरलेल्या पाठीकडे बघत राहिली. हा माणूस आपल्याला आवडलाय, असं तिने मनातल्या मनात कबूल करून टाकलं.

तांब्याचा दांडा खाली गेला, भोवती कोळसा आणि मीठ पडलं, माती लोटली. "उन्हाळ्यात यावर पाणी घालत राहायचं," तिने गार्डसाहेबांना सांगितलं. "जमीन ओली राहिली तर वाट मोकळी राहते." गार्डसाहेबांनी लगेच झारी आणली. आईच्या गुलाबांची ती झारी होती, हे त्याने तिला डोळ्यांनीच सांगितलं.

मग प्लग बसवायला तिने ड्रिल सुरू केलं, तसा त्याने चेहरा कसनुसा केला.

"कानांत काही घालत नाही तुम्ही?"

"कापूस. आठवला तर."

"माझ्या घराला अर्थ घालून द्यायचा आणि स्वतःच्या कानांकडे कानाडोळा करायचा. बसा या खुर्चीत."

"कशाला?"

"साचा घेतो. ड्रिलच्या वेळी घालायला बुचं करून देतो. तुमच्याच कानांची, दुसऱ्या कोणाला बसायची नाहीत. आता बोलायचं नाही, हसायचं नाही. जबडा हलला की साचा बिघडतो."

गुलाबी, गार लगदा तिच्या एका कानात भरला गेला, मग दुसऱ्या. झाडावरचे पक्षी, रस्त्यावरची सायकलची घंटा, स्वतःच्या श्वासाचा आवाज, एकेक करून सगळं मिटलं. उरला फक्त समोर गुडघ्यावर बसलेला तो. इतक्या जवळून तिने त्याला पाहिलं नव्हतं. त्याच्या भुवईत मातीचा एक कण अडकला होता, तो काढावा असं तिला फार वाटलं, पण हलायचं नव्हतं ना...

तो भिंतीवरच्या फुलीकडे बघत होता. मग तिच्याकडे बघून त्याने काहीतरी म्हटलं. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.

साचे निघाले तेव्हा तिने पहिला प्रश्न तोच विचारला. "काय म्हणालात मघाशी?"

"काही नाही."

"मी बघितलं ओठ हलताना."

"साचा वाळलाय का, ते म्हणत होतो," तो म्हणाला आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. कानांच्या जाणकाराला निदान एवढं तरी लपवता यायला हवं होतं.

काम संपलं. सोबतचा चार्जर हिरवा दिवा लावून शहाण्यासारखा चालू लागला. बुचं एका छोट्या डबीत घालून तो दुकानात ठेवून गेला, नेमकी ती बाहेर असताना. मैत्रीण म्हणाली, "कानाला बरं वाटतंय ना? मग चेहरा का पडलाय?" ती डबी खिशात घालून कामाला निघाली. रोज ड्रिल सुरू करायच्या आधी ती बुचं घालायची, जग मिटायचं आणि समोर ते हलणारे ओठ यायचे. तिने आरशासमोर उभं राहून स्वतःचे ओठ हलवून पाहिले. साचा वाळलाय का... छे, जुळत नव्हतं. शेवटाकडे ओठ एकदा मिटले होते, 'वाळलाय का' म्हणताना ते कुठेच मिटत नाहीत.

उन्हं कोवळी व्हायला लागली आणि एका संध्याकाळी दुकानात फोन आला. "घराला अर्थ उरलेला नाही," पलीकडून गार्डसाहेब कडाडले. "येऊन बघ." तिला काही विचारायचं होतं, पण त्यांना ते ऐकू येणार नव्हतं, म्हणून ती तशीच निघाली.

निळी गाडी अंगणात नव्हती. तिने मीटर जोडून पाहिला. अर्थ ठणठणीत होता. खड्ड्याभोवतीची माती ओलीचिंब होती आणि कोणीतरी तिथे गुलाबाची एक फांदी खोचली होती.

"काका, सगळं नीट आहे," ती खिडकीपाशी येऊन त्यांना म्हणाली.

"माहीत आहे मला," गार्डसाहेब म्हणाले. "रोज पाणी घालतो. दुसरं नीट नाही ते बघायला बोलावलं. मुलगा जेवत नाही धड. हॉस्पिटलचा फोन आला की अंगणात जाऊन त्या फुलीकडे बघत बोलतो. त्या दिवशी तुझे कान बंद होते ना... माझे तर कायमचेच बंद. पण डोळे उघडे होते. तो काय म्हणाला ते मी इथून वाचलं."

"काय म्हणाला?"

"ते मी का सांगू? त्याचं तो सांगेल. एवढं सांगतो, साच्याबद्दल नव्हतं."

फाटक वाजलं. गाडी आत आली. तो उतरला, तिला पाहिलं आणि गाडीचं दार लावायचं विसरला.

"बरं झालं भेटलात," तो म्हणाला. "उद्या दुकानात येणारच होतो. मला भिंतीवरचा चार्जर हवाय."

तिने आवाज शक्य तेवढा कामाचा ठेवला. "जाणाऱ्या माणसाने..."

"जात नाही. आज त्यांना कळवलं. तिथे माझ्यासारखे बरेच आहेत. या शाळांत मी नाही गेलो तर कोणी जात नाही. आणि बाबा ताईकडे गेले तर त्या खड्ड्याला पाणी कोण घालणार?"

"एवढीच कारणं?"

"एवढी पुरेशी होती. माझी मीच ठरवली." त्याने गाडीचं दार लावून घेतलं. "आणखी एक आहे. पण ते... ते तुमच्यावर लादायचं नव्हतं. मी राहतोय ते राहतोच आहे, तुम्ही काहीही म्हणालात तरी."

तिला आठवलं, हाच विचार तिने याच अंगणात उभं राहून केला होता. त्या माणसाबद्दल तिला फार कौतुक वाटलं. तिने पेन्सिल काढली.

"भिंतीवरचा बसवायचा तर खूण नव्याने करायला हवी. गाडीपाशी उभे राहा. हात पुढे करा."

त्याने हात पुढे केला नाही. तिच्या बोटांतली पेन्सिल काढून घेतली.

"त्या दिवशी काय म्हणालात?" तिने हळूच विचारलं.

"म्हणालो," तो भिंतीकडे बघत म्हणाला, "भिंतीवरचाच घेतला असता... आणि तुमच्या हाताची खूण केली असती, तर किती बरं झालं असतं, असं वाटतं मला. पण आता फार उशीर झालाय, म्हणून तुम्हाला ऐकू येत नसताना सांगतोय. माफ करा." तो वळला. "रोज लावणार कोण, त्याच्या हाताने उंची ठरवायची, असं तुम्हीच म्हणाला होतात."

"माझ्याकडे गाडीच नाही," ती म्हणाली.

"ही आहे ना."

ती गाडीपाशी जाऊन उभी राहिली. डोळे मिटले. घरी आलोय, दमलोय, किल्ली अडकवायचीय... तिने हात पुढे केला. तळव्याला उन्हाने कोमट झालेली भिंत लागली. पेन्सिलची टोचणी बोटांच्या कडेने सावकाश फिरत गेली. त्याने फुली मारलीच नाही, तिचा आख्खा हातच भिंतीवर काढला. करंगळीपाशी आल्यावर पेन्सिल थांबली आणि तिच्या हातावर त्याचा हात आला.

"उंची बरोबर आहे?" त्याने विचारलं.

"बरोबर आहे," ती डोळे न उघडता म्हणाली. "बसवू इथेच. मला चालेल. आयुष्यभर चालेल."

मागे खिडकीत काहीतरी धडपडलं. दोघांनी वळून पाहिलं. इतका वेळ दोघांची पाठ खिडकीकडे होती, ओठ दिसत नव्हते, आणि गार्डसाहेबांची नुसती तगमग झाली होती. टेबलाचा खण सताड उघडा होता. ते घाईघाईने मशीन कानात बसवत होते, आधी उलटं, मग सुलटं. ते नीट बसलं, तसे त्यांनी चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं आणि खुर्ची खिडकीच्या आणखी जवळ ओढली.

"हं," ते म्हणाले, "आता बोला. पहिल्यापासून."